सोल्डरिंग स्टेशन निवडताना आणि उघडताना

(इंदूरमध्ये हौशी इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या जेलरोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे तापमान ठरवता येणारी सोल्डरची इस्त्री घ्यायला गेलात की आधी वॅट कानावर पडतात. साठ वॅट, नव्वद वॅट. पण वॅटच्या आधी विचारायचे प्रश्न दोन आहेत. एलिमेंटची, म्हणजे तापणाऱ्या भागाची उष्णता बिटच्या, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या धातूच्या टोकापर्यंत किती लवकर पोचते? आणि उद्या एलिमेंट गेलं तर तेच एलिमेंट सुटं मिळेल का? दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार अडखळला, तर ते स्टेशन कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

बाजारात दोन घराणी दिसतात. एक जपानी हाक्को कंपनीचं ९३६ (अस्सल आता बनत नाही) आणि त्याच्या असंख्य नकला. यात एलिमेंट म्हणजे सिरॅमिकची कांडी असते, तिच्यावर पोकळ बिट टोपीसारखं बसतं. तापमान मोजणारा सेन्सर कांडीत, टोकापासून दूर. कांडी आणि बिट यांच्यामध्ये हवेची फट राहतेच, आणि स्वस्त बिटचं भोक सैल असलं की ती वाढते. मग डिस्प्लेवर ३५० दिसतं, पण सर्किट बोर्डावरच्या ग्राउंडच्या रुंद तांब्याच्या पट्टीवर सोल्डर वितळत नाही. साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना मऊ व्हायला लागून १९० पर्यंत पूर्ण वितळतं, म्हणजे तापमान कमी ठेवलेलं नसतं. टोकाची उष्णता तांबं ओढून घेतं आणि सेन्सरला ते उशिरा कळतं. अशा वेळी लोक ४५० वर नेतात आणि बिट जाळून बसतात. त्याऐवजी रुंद, छिन्नीसारखं बिट लावा आणि ३५० वरच राहा.

दुसरं घराणं टी१२ चं, म्हणजे हाक्कोच्याच टी१२ बिटवर चालणाऱ्या स्टेशनांचं. इथे एलिमेंट, सेन्सर आणि टोक एकाच कांडीत असतात, त्यामुळे प्रतिसाद झटपट. बिट बदलायचं म्हणजे एलिमेंटही बदललं जातं, हा खर्च धरून चाला. थंड कांडीचा रोध साधारण ८ ओहम. २४ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे ७२ वॅट. हीच कांडी लॅपटॉपच्या १९ व्होल्ट अडॅप्टरवर चालवलीत तर ४५ वॅटच मिळतात. टी१२ मंद वाटलं तर कांडीला दोष देण्याआधी पुरवठा मोजा. छोट्या बोर्डांपुरतं काम असेल तर घट्ट बिटचं ९३६ पुरेसं आहे. जाड वायरी, मोठे ग्राउंड, एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे बारीक सुटे भाग) असेल तर मी टी१२ च सुचवेन, पण २४ व्होल्ट, ४ अँपिअरच्या चांगल्या पुरवठ्यासह.

कोणतंही घेतलंत तरी प्लग लावण्याआधी एक मोजमाप करा: प्लगच्या अर्थ पिनपासून बिटच्या टोकापर्यंत. २ ओहमच्या आत यायला हवं. कित्येक स्वस्त यंत्रांत तीन पिनांचा प्लग असतो, पण आत अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते. दोन पिनांच्या अडॅप्टरवर तरंगणाऱ्या, म्हणजे अर्थला न जोडलेल्या बिटच्या टोकावर मीटर शंभराच्या घरातही व्होल्ट दाखवू शकतो. करंट अगदी थोडा असतो, पण मॉसफेट या नाजूक ट्रान्झिस्टरचं गेट खराब करायला तेवढा पुरतो. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत तर घरची अर्थिंगही वेगळी तपासा. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, सुकते आणि अर्थचा रोध वाढतो.

आता दुरुस्ती. ९३६ चालू होतं पण तापत नाही, ही नेहमीची तक्रार. स्टेशनच्या आतल्या बोर्डाला हात लावू नका. हँडलचा पाच पिनांचा प्लग काढा आणि बिट थंड असताना मीटर लावा. अस्सल पद्धतीच्या एलिमेंटमध्ये हीटर २.५ ते ३.५ ओहम आणि सेन्सर ४३ ते ५८ ओहम येतो. हीटर मोजताना मीटरच्या वायरींचा रोध वजा करा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, नकलांमध्ये ते बदलतात. मोजताना हँडलच्या मुळाशी केबल वाकवून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर केबल तिथेच आतून तुटली आहे. ५ सेंटिमीटर कापून पुन्हा जोडा, काम झालं.

सेन्सरचा हिशेब नीट लक्षात घ्या. याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. म्हणून सेन्सर तुटला की बोर्डाला वाटतं बिट भयंकर तापलंय, आणि तो हीटर बंदच ठेवतो. सेन्सर शॉर्ट झाला की उलट: बोर्ड त्याला गार समजून पॉवर देतच राहतो आणि बिट लाल होतं. काही नकलांत या सेन्सरऐवजी थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) असतं, ते जेमतेम एक-दोन ओहम दाखवतं. असं एलिमेंट जुन्या बोर्डाला लावलंत तर हाच लाल बिटचा प्रकार घडतो. बाहेरून दोन्ही एलिमेंटं सारखी दिसतात, म्हणून काउंटरवरच मोजून घ्या.

सेन्सर बरोबर असूनही नॉब कुठेही ठेवला तरी तापतच राहत असेल, तर ट्रायॅक, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच शॉर्ट झालाय. टी१२ मध्ये त्याच जागी मॉसफेट असतो. मशीन पूर्ण मेलं असेल तर आधी फ्यूज बघा, मग ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी, म्हणजे मेन्सकडचं वेटोळं. ते ओपन, म्हणजे तुटलेलं आलं तर बऱ्याचदा टेपखालचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) उडालेला असतो. त्याच तापमानाचा नवा बसवा, वायरीने शॉर्ट करू नका. तोच तुमच्या घराचं आगीपासून रक्षण करतो.

एलिमेंट बदलताना सिरॅमिक चिमटीत दाबू नका, तडकतं. सेन्सरच्या आणि हीटरच्या तारा एकमेकींना शिवणार नाहीत हे बघा. अर्थची छोटी स्प्रिंग परत जागेवर बसवा. ती राहून गेली तर सगळं चालतं, फक्त टोक पुन्हा तरंगतं, म्हणून २ ओहमचं मोजमाप परत करायचं.

बिट पॉलिश पेपरने घासू नका. तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की सोल्डरमधलं कथील तांबं खात सुटतं आणि टोकाला खड्डा पडतो. पितळी तारेचा चोथा वापरा, आणि बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्या.

शेवटी कॅलिब्रेशन. नवं एलिमेंट बसवल्यावर हे करावंच लागतं. ४०० वर ठेवा, स्थिर होऊ द्या, टोकाचा थर्मामीटर लावा आणि कॅल लिहिलेल्या भोकातला स्क्रू बारीक पेचकसाने हळूहळू फिरवा. मोजताना टोकावर ताजं सोल्डर हवं, नाहीतर आकडा कमी दिसतो आणि तुम्ही उगाच तापमान वाढवून ठेवता.