चिठ्ठ्या दोनदा, एररही दोन

हे 72 तुकडे बघा. ओट्सचा प्रयोग आहे, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या फ्रँक येट्स यांनी 1935 मध्ये छापलेला, आणि स्प्लिट-प्लॉट, म्हणजे मोठ्या प्लॉटचे तुकडे पाडून केलेला प्रयोग, शिकवायचं म्हटलं की आजही हाच काढतात. 6 ब्लॉक, प्रत्येकात 3 मोठे प्लॉट, कुठल्या प्लॉटला कुठलं वाण ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, मग त्याच प्लॉटचे 4 तुकडे पाडले आणि नत्राचे 4 डोस कुठे द्यायचे त्याच्या परत चिठ्ठ्या. चिठ्ठ्या दोनदा, म्हणून एररही, म्हणजे वाण किंवा खतामुळे नसलेली उत्पादनातली चढउतारही, दोन.

आता समजा पेरणीयंत्राची एक नळी अर्धवट तुंबली आणि वाण बदलेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर त्या मोठ्या प्लॉटच्या चारही तुकड्यांत रोपं विरळ, चारही ठिकाणी उत्पादन खाली. किंवा जमिनीचा तो पट्टाच पाणी धरून ठेवणारा निघाला. ही मेन प्लॉटची एरर, आणि तुकडे चारऐवजी आठ पाडले तरी ती हलत नाही, त्यासाठी ब्लॉकच वाढवायला लागतात. भट्टीचं तापमान एकदा सेट करून आत दहा नमुने ठेवले तरी गोष्ट हीच, तापमान चुकलं तर दहाही नमुन्यांना चुकलं.

सब प्लॉटची, म्हणजे लहान तुकड्याची, एरर म्हणजे एका तुकड्यात खत मूठभर जास्त पडलं, कापताना चार लोंब्या सांडल्या, काटा वाचताना नजर चुकली, असलं काहीतरी, शेजारच्याला त्याचा पत्ता नाही.

येट्स यांच्या आकड्यांत मेन प्लॉट एररचा मीन स्क्वेअर (चढउताराचं सरासरी माप) 601, डिग्रीज ऑफ फ्रीडम (ते माप किती स्वतंत्र फरकांवर उभं आहे ती संख्या) जेमतेम 10. सब प्लॉटचा 177, डिग्रीज 45. वाणांचा मीन स्क्वेअर 893, त्याला 601 ने भागलं की एफ, म्हणजे एररच्या किती पट ते गुणोत्तर, येतो साधारण दीड, म्हणजे वाणांत फरक आहे असं काही छातीठोक म्हणता येत नाही. पण साधं फॅक्टोरियल, म्हणजे वाण आणि डोसच्या जोड्यांच्या चिठ्ठ्या एकदाच टाकल्या असं, समजून दोन्ही एरर एकत्र केल्या (सॉफ्टवेअर बिचारं काही बोलत नाही) तर एरर होते 254, एफ साडेतीन, आणि वाणं 5 टक्के पातळीवर सिग्निफिकंट, म्हणजे फरक नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही! शेत तेच, धान्य तेच.

गंमत म्हणजे नत्राचा एफ बरोबर, म्हणजे 177 ने भागून, काढला तर 37 च्या वर आणि चुकीचा, म्हणजे 254 ने भागून, काढला तरी 26, निकाल तोच, त्यामुळे टेबल बघणाऱ्याला शंकाच येत नाही.