लूत नव्हे: एका पिल्लाच्या काळ्या केसांचा तपास

पंचवटीतल्या एका घराच्या ओट्यावर बसलेले हे कुत्र्याचे पिल्लू साडेतीन महिन्यांचे आहे. त्याचे पांढरे केस मऊ आणि दाट आहेत. मात्र जिथे काळा रंग आहे तिथे केस तुटून नुसते खुंट उरले आहेत आणि पांढरा पट्टा जिथे संपतो, नेमके तिथेच टक्कल सुरू होते. जन्मतः त्याची लव सर्वत्र सारखीच होती. काळा भाग विरळ होऊ लागला तो पहिला महिना उलटल्यावर.

शेजाऱ्यांनी त्याला पाहताक्षणी लूत ठरवली आणि गॅरेजमधले जळके ऑइल चोळण्याचा सल्ला दिला. कुत्रे अंग चाटते, ऑइल पोटात जाते, त्वचाही पोळते. हा उपाय कोणीही करू नये.

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टरांनीही पहिली शंका लुतीचीच घेतली, पण ती तपासून पाहिली. त्वचेची घडी चिमटीत दाबून, रक्ताचा ओलावा दिसेपर्यंत ब्लेडने खरवडावे लागते, कारण लूत आणणारा डेमोडेक्स हा सूक्ष्म किडा केसांच्या मुळाशी खोल राहतो. काचपट्टीवर एकही किडा सापडला नाही. मग बुरशीची शंका म्हणून दिवे मालवून वुड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली पाहिले, तेव्हा बुरशीची हिरवी चमकही दिसली नाही. परंतु बुरशीच्या सर्वच जाती चमकत नसल्याने केस कल्चरलाही, म्हणजे त्यांवर बुरशी वाढते का हे प्रयोगशाळेत पाहायला, पाठवले गेले आणि तो अहवालही निर्दोष आला.

आता हे दृश्य पाहा. चिमट्याने उपटलेले दोन केस लिक्विड पॅराफिनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवले आहेत. पांढरा केस अखंड आणि नितळ आहे. काळ्या केसात मात्र, जे मेलॅनिन बारीक कणांनी सारखे पसरलेले असायला हवे, ते गुठळ्यांनी साचले आहे. एका गुठळीपाशी केस फुगला आहे, बाहेरचे आवरण फाटले आहे, आणि केस मोडतो तो तिथेच. याला ब्लॅक हेअर फॉलिक्युलर डिस्प्लेशिया म्हणतात. निळसर-राखाडी डॉबरमनमध्ये आढळणारा कलर डायल्यूशन अलोपेशिया याच्याच जवळचा विकार आहे, परंतु त्यात केस जाण्याची सुरुवात बहुधा सहा महिन्यांनंतर होते. तिथे रंग फिका करणारे जनुक आई आणि बाप या दोघांकडून आलेले असते. तरीही केवळ जनुकावरून निदान होत नाही, कारण वायमरानर जातीच्या सर्वच कुत्र्यांत ते जनुक असते आणि त्यांचे केस सहसा शाबूत राहतात. म्हणूनच केस प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही, आणि गोचिडाची किंवा लुतीची इंजेक्शने अंदाजाने टोचण्याआधी हा एक थेंब आणि एक काचपट्टी प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला आली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीनेही हेच निदान पक्के केले. या विकारावर इलाज नाही. सौम्य शाम्पू, जंतुसंसर्गावर लक्ष आणि योग्य वयात नसबंदी, एवढेच करायचे आहे. उन्हात निघताना पिल्लाला आता सुती अंगरखा घालतात.