'मीही यातून गेलेय' एवढ्यावर भागत नाही

मैत्रिणींनो, आणि त्यांच्यासोबत आलेल्या सगळ्यांनो,

या सभागृहातल्या बऱ्याच जणींचे उपचार पूर्ण झाले आहेत आणि आता दुसऱ्या कुणासाठी काही करावं असं त्यांना मनापासून वाटतंय. आमच्या मदतगटाला भेटायला आल्या की त्या हमखास विचारतात, "मी स्वतः यातून गेलेय, मग मला वेगळं शिकायचं ते काय?" आज मी त्यावरच बोलणार आहे. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बाईला नव्या रुग्णाच्या खाटेपाशी जी जागा मिळते, ती डॉक्टरांना मिळत नाही, सख्ख्या बहिणीलाही मिळत नाही. पण तिथे बसून काय बोलायचं आणि काय तोंडातच ठेवायचं, हे शिकावंच लागतं.

जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने हा आजार झाला. त्यातलीच एखादी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून किंवा दिंडोरीहून येते आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओपीडीबाहेरच्या बाकावर बसते. आत दहा मिनिटांत तिला किमो, ऑपरेशन, लाईट म्हणजे रेडिएशन, सरकारी मदतीच्या महात्मा फुले योजनेचे कागद असं सगळं सांगून झालेलं असतं. ती आपल्याला विचारते ते वेगळंच असतं. "ताई, केस कधी जातील?" पहिल्या किमोनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत, सगळ्याच औषधांनी नाही, पण बऱ्याच औषधांनी जातात. "हात वर जाईल का?" तिला हे का विचारायचं असतं ते आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला लगेच कळावं. द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर हात वर करूनच काम असतं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कायम राहतो. मग आपण तिला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बोटांनी भिंत चढायचा व्यायाम करून दाखवायचा, आणि रोज बोटं पोचतात तिथे खडूने रेघ मारायला सांगायचं. बागेत कात्री धरताना हातमोजा घाल, खरचटलं तर अंगावर काढू नकोस, ब्लड प्रेशर आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला, हेही सांगायचं.

अशा कामाला जुनी परंपरा आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईंचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी छातीचे स्नायूसुद्धा काढून टाकत, आणि नंतर हात कसा हलवायचा, कपडे कसे बसवायचे, हे सांगायला कुणी नसे. बऱ्या झाल्यावर लॅसर रबरी चेंडू, दोरी आणि तात्पुरता कृत्रिम स्तन घेऊन इतर बायकांच्या खोल्यांत जाऊ लागल्या. काही डॉक्टरांना ते अजिबात रुचलं नाही. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते काम आपल्याकडे घेतलं, आणि 'रीच टू रिकव्हरी' या नावाने ते पुढे अनेक देशांत पोचलं. लॅसर हातात उपयोगाच्या वस्तू घेऊन गेल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे कितीतरी बायका ऑपरेशननंतर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून ब्लाऊजमध्ये पिनेने टाचतात. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग पडतो, उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो आणि जखम ताजी असताना तो लावताही येत नाही. २०११ साली अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंनी सुती दोऱ्याने विणलेले स्तन फुकट वाटायला सुरुवात केली. त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. आता आपल्या नाशिकमध्येही बायका क्रोशावर असे स्तन विणून देतात. आत मऊ तंतू भरलेले असतात. हातात घेतला तर कळतं की वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तो वर सरकतो. ब्राला आतून सुती कापडाचा खिसा शिवला की जागेवर राहतो. हा खिसा शिवता येणारी बाई आमच्या लेखी उत्तम स्वयंसेविका आहे. फक्त देताना "लाव हे, कुणाला कळणारसुद्धा नाही" असं म्हणू नका. लपवायलाच हवं, असं तिला आपल्या तोंडून ऐकू येता कामा नये. एखादीला काहीही न लावता हळदीकुंकवाला जायचं असेल तर तिच्यासोबत जा.

आता तोंडात ठेवायच्या गोष्टी. "मला तर नुसत्या गोळीवर भागलं" हे कधीही बोलू नका. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणाऱ्या, आजारावरच चालते, समोरच्या बाईच्या आजाराचा प्रकार वेगळा असू शकतो, आणि तुमच्या त्या एका वाक्यावर ती किमो टाळायला बघेल. उलट "सुरी लागली की पसरतं" हे तिने कुठून तरी ऐकलेलं असतं, तिथे मात्र गप्प बसू नका. बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्याने, आजार पसरत नाही, थांबून राहिल्याने वाढतो, हे स्पष्ट सांगा आणि तिला पुन्हा डॉक्टरांसमोर घेऊन जा. "पॉझिटिव्ह राहा" हेही नको. रडणाऱ्या बाईला ते ऐकलं की वाटतं, आपलं रडणंच आजार वाढवतंय.

सगळ्यात अवघड भाग आता सांगते. आजार हाडांत, फुप्फुसात, यकृतात पोचलेल्या बाईसाठी आपल्या गटांमध्ये जागाच नसते. ऑक्टोबर या स्तन कर्करोग जागृतीच्या महिन्यात गुलाबी फिती लावून "आम्ही जिंकलो" म्हणत आपण फोटो काढतो, तेव्हा तिने कुठे उभं राहायचं? आमच्यातल्या एका काकूंचा आजार परत आला आणि त्यांनी सभेला येणं बंद केलं. घरी गेलो तर म्हणाल्या, "मला बघून नव्या पोरींना धडकी भरेल." मग आम्हीच त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांना दुखण्याबद्दल बोलायचं असायचं, कारण घरात विषय काढला की मुलगा उठून बाहेर जायचा. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं होतं आणि सवय लागेल म्हणून ते कपाटात पडून होतं. आम्ही मुलाला डॉक्टरांकडे नेलं. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन हा मान्य, योग्य उपचार आहे, हे त्याला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यानंतर काकूंना रात्री झोप लागू लागली. त्या बऱ्या झाल्या नाहीत. त्या गेल्यावर त्यांच्याकडे नेमाने जाणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने काही महिने काम थांबवलं. आम्ही तिला थांबू दिलं, फोन करत राहिलो, कामाबद्दल मात्र विचारलं नाही.

म्हणून आमचे दोन आग्रह असतात. या कामाला येण्याआधी उपचार संपून किमान वर्ष तरी होऊ द्या. स्वतःचा रिपोर्ट यायचा असेल त्या आठवड्यात कुणाच्याही खाटेपाशी बसू नका.

ज्यांना बोलणं जमत नाही त्यांनाही काम आहे. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या कुटुंबाला रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून द्यायचा असतो. नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या बसायच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला तिकिटात ७५ टक्के सूट आहे, आणि अनेकांना हे ठाऊक नसतं. मुंबईत राहायचं झालं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची माहिती द्यायची असते.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहा, उपचार केव्हा संपले ते लिहा, आणि कोणती बोली येते तेही लिहा. सटाणा-कळवणकडून येणाऱ्या बायकांशी अहिराणीत आणि पेठ-सुरगाण्याच्या बायकांशी कोकणीत, म्हणजे कोकणा बोलीत, बोलणारी माणसं आमच्याकडे फार कमी आहेत.