कॉनेट: सोबत जन्मलेलं

नमस्कार श्रोतेहो. आज एका विशेषणाची गोष्ट. रोजच्या इंग्रजीत ते फारसं कानावर पडत नाही, पण वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या पुस्तकात हमखास भेटतं. शब्द आहे 'कॉनेट'. शब्दकोश त्याचे दोन अर्थ देतो. एक, उपजत. दुसरा, एकमेकांना जुळलेलं. आता यांचा आपसांत काय संबंध?

लॅटिनमध्ये 'नातुस' म्हणजे जन्मलेला. त्याला 'सह' अर्थाचा उपसर्ग लागला, की होतो 'कोन्नातुस', सोबत जन्मलेला. सोबत कुणाच्या, एवढंच विचारायचं. माणसासोबत गुण जन्मला, तर तो उपजत. सारखे अवयव एकमेकांसोबत जन्मले, तर ते जुळलेले. 'नातुस'चं जुनं रूप 'ग्नातुस', आणि ते संस्कृत 'जात'चं सख्खं भावंड. दोघांचा मूळ धातू एकच. आपला 'सहज' घडलाय तोही अगदी याच रीतीने: सह अधिक ज. मराठीत मात्र तो इतका सैलावला, की 'सहज आलो होतो' म्हणताना त्यातला जन्म कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे, तर कर्णाचं कवच आठवा. जन्मासोबत आलेलं आणि अंगाशी एकजीव झालेलं. म्हणून तर ते उतरवून देता आलं नाही, कापून द्यावं लागलं; त्यावरूनच त्याला 'वैकर्तन' म्हणतात.

वनस्पतिशास्त्रात या शब्दाला शिस्त आहे. धोतऱ्याचं फूल हातात घ्या. एकच लांब कर्णा दिसतो, पण काठावरची पाच टोकं मोजलीत, की पाच पाकळ्यांचा हिशेब लागतो. पाकळी पाकळीला जुळली, म्हणजे सारख्याला सारखं, की 'कॉनेट'. जास्वंदीत पाकळ्या सुट्या, पण मधल्या दांडीवर बारीक पिवळे ठिपके दिसतात ना, ते पुंकेसर. त्यांचे तंतू जुळूनच ती नळी झालेली असते, म्हणून तेही कॉनेट. हीच नळी बुडाशी पाकळ्यांना चिकटते. तिथे अवयव वेगळ्या जातीचे, म्हणून शब्दही वेगळा, 'ॲडनेट'.

आणि हे जुळणं म्हणजे डिंकाने चिकटवणं नव्हे. बहुतेक फुलांत कळीच्या अगदी सुरुवातीला पाकळ्यांचे इवले उंचवटे वेगळे उगवतात, मग त्यांच्या बुडाखालचं सबंध कडंच वर वाढतं आणि नळी तयार होते. नळीचे तुकडे कधी सुटे नव्हतेच. सदाफुली मात्र वेगळी. तिच्या स्त्रीकेसराचे दोन भाग सुटे वाढतात आणि एकमेकांना टेकल्यावर त्यांच्या पेशी सांधल्या जातात. व्युत्पत्तीला घट्ट धरून बसलो, तर तिला कॉनेट म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

भूशास्त्रात हा शब्द पाण्याला लागला. अमेरिकी भूशास्त्रज्ञ आल्फ्रेड लेन यांनी 1908 मध्ये गाळासोबत, खडकाच्या छिद्रांत अडकून राहिलेल्या पाण्याला 'कॉनेट वॉटर' म्हटलं. खडकाचं हे जुळं भावंडच. अर्थात, लाखो वर्षांत खनिजं विरघळून त्याची घडण पार बदलते, तेव्हा ते मूळचं समुद्रपाणी जसंच्या तसं मिळेल, अशी आशा नको. तेलक्षेत्रातल्या अभियंत्यांना या पाण्याची काळजी वेगळीच. वाळूच्या कणांना ते असं धरून बसतं, की खनिज तेल आत शिरलं तरी त्याला पुरतं हुसकता येत नाही. तेलाचा साठा मोजताना पाण्याची ही जागा आधी वजा करावी लागते.