‘नाइस’ कधीकाळी शिवी होती

(पडद्यावर कोऱ्या कागदावर टाकाने चार अक्षरं उमटतात: एन, आय, सी, ई.)

नाइस. कुणी फोटो दाखवला की नाइस, हवा बरी असली की नाइस, माणूस गोड बोलला की तोही नाइस. पण १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये तुम्हाला कुणी ‘नाइस’ म्हटलं असतं, तर तो अपमान होता. अर्थ सरळ होता: मूर्ख.

इंग्रजीत हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमधलं त्याचं रूप ‘नेस्किउस’. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं. ज्याला काही ठाऊक नाही, तो. मराठी माणसाला ही घडण समजावून सांगायला नको, आपला ‘अज्ञ’ अगदी असाच घडलाय. आणि ऐका, ‘सायन्स’ हा शब्दही त्याच ‘स्कीरे’चा! ज्ञान आणि अडाणीपण, दोन्ही एकाच घरातले. या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

मग मूर्खाचा छान कसा झाला? एका उडीत नाही. मूर्ख, भित्रा, बुजरा, असं करत करत शब्द पोचला ‘नको तितका चोखंदळ’पर्यंत. हाती दिलेलं कापड उजेडात धरून एकेक धागा तपासणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कटकट्या खरा, पण नजर किती बारीक! सोळाव्या शतकापर्यंत ‘नाइस’ला ही बारीक नजर चिकटली: काटेकोर, सूक्ष्म. हा अर्थ अजून जिवंत आहे. दोन कल्पनांमधल्या केसाएवढ्या फरकाला इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात. त्याचं भाषांतर ‘छान फरक’ असं केलं, की वाक्याचा जीवच गेला.

‘सुखद’ हा अर्थ रुळला अठराव्या शतकात, ‘प्रेमळ’ त्यानंतर. आणि मग शब्द इतका वापरला गेला, की इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनला ते खटकलं. १८१७ च्या अखेरीस आलेल्या तिच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी नायिका कॅथरीनला यावरूनच छेडतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस, सगळ्याला हा एकच शब्द चालतो! पूर्वी तो नेटकेपणा, नाजूकपणा यांच्यासाठीच असावा, असं त्याचं म्हणणं. खरं तर त्याच्याही मागे तो ‘मूर्ख’ होताच.

(कागदावर खाली दुसरा शब्द उमटतो: सिली.)

याची वाट नेमकी उलटी. जुन्या इंग्रजीत याच्या पूर्वजाचा अर्थ होता सुखी, धन्य. धन्य म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून बिचारा, बिचारा म्हणून दुबळा, आणि शेवटी खुळा. ‘भोळा’ म्हणताना आपल्याही आवाजात कधी माया असते, कधी कीव; तसंच काहीसं. जर्मनमधला ‘सिली’चा सख्खा भाऊ ‘झेलिश’ मात्र अजूनही ‘धन्य’च आहे.