भर चौकातले जकातघर : बडोद्याची मांडवी

लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांतून जुन्या बडोद्यात शिरणारे चार रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चौकाच्या ऐन मध्यावर मांडवीची इमारत उभी आहे. जकातीचे ठाणे सहसा वेशीवर किंवा घाटाच्या तोंडाशी असे. बडोद्यात मात्र ते शहराच्या पोटात होते असे सांगतात, आणि नगररचना पाहिली की त्यामागचे कारण उमगते. माल कोणत्याही दरवाजाने आला, तरी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना हा चौक चुकवणे अवघड होते. एकाच जागी बसून चारही वाटांवर नजर ठेवण्याची ही सोय हिशेबी माणसाची खरी.

कोटाच्या आतले हे चौकोनी शहर गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, आखले गेले असे मानतात. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि दोनच वर्षांनी, दामाजीरावांच्या अमदानीत, मांडवीची डागडुजी झाल्याचे सांगितले जाते. वरचे मजले नंतर चढले. आज लांबून नजरेत भरतो तो हाच वरचा भाग, पण मूळ मांडवी म्हणजे तळाचा चौरस मंडप, ज्याच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी आहेत.

या मंडपाचे खांब जवळून पाहण्यासारखे आहेत. जिथे गिलावा सुटला आहे तिथे विटांचे थर उघडे पडतात आणि त्यांच्या सांध्यांतला चुना बोट लावताच भुकटी होऊन हाताला लागतो. २०२५ मध्ये एका खांबाचे तुकडे निखळू लागले, तेव्हा कमानींना लोखंडी टेकू द्यावे लागले. टेकू गरजेचेच होते, परंतु टेकू म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

अशा बांधकामाचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा घाईने केलेली दुरुस्तीच करते. चुना मऊ असतो, तो थोडी हालचाल सोसतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा कडक थर ती ओल आतच कोंडतो, मग क्षार साचून वीट पोखरली जाते आणि वरचा गुळगुळीत गिलावा सगळे ठीक असल्याचा भास देत राहतो. त्यामुळे भेगा चुना आणि सुरखीनेच, म्हणजे विटांच्या पुडीनेच, भराव्या लागतात, आणि चुन्याला सुकायला दिलेला वेळ कोणत्याही उद्घाटनाच्या तारखेसाठी कापून चालत नाही.

त्याआधी पायाची तपासणी व्हायला हवी. चढवलेल्या मजल्यांचा भार अखेर याच खांबांवर उतरतो, आणि सभोवती दिवसभर वाहनांची वर्दळ असते. पावसाचे पाणी कुठे मुरते, गटारांची गळती पायापर्यंत पोहोचते का आणि भेगा महिन्यागणिक किती रुंदावतात, याच्या नोंदी ठेवल्याशिवाय रंगरंगोटी आणि रोषणाई यांवर केलेला खर्च वायाच जाईल. गुजरातमधील महापालिकांची जकात २००७ मध्ये रद्द झाली. मांडवीचा वसुलीशी संबंध त्याच्या कितीतरी आधीच संपला होता. त्यामुळे इथे कोणतेही कामकाज अडण्याचा प्रश्न नाही, आणि दुरुस्ती सुरू असेपर्यंत निदान अवजड वाहने बाजूच्या रस्त्यांनी वळवता येतील.