वडगाव, पण कोणतं?

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्याख्यानमालेतलं एका वृत्तनिवेदिकेचं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

माइक नीट आहे ना? मागच्या रांगेला ऐकू येतंय? हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारतेय. आमच्या धंद्यात मागची रांग नसते. काचेपलीकडे एक माणूस असतो, तो बोट दाखवतो, लाल दिवा लागतो आणि मग आपण लाखो लोकांशी बोलतोय अशी कल्पना करत एका रिकाम्या खोलीशी बोलायचं. आज समोर खरी माणसं बघून थोडं बिचकायला झालंय, ते सांभाळून घ्या.

आयोजकांनी पत्रिकेत विषय छापलाय, ‘प्रादेशिक वृत्तनिवेदकांची कारकीर्द: काल, आज आणि उद्या’. विषय भारदस्त आहे, पण माझा नाही. फोनवर मी म्हटलं होतं, ‘मला गावांच्या नावांवर बोलायचंय.’ ते म्हणाले, ‘बोला की ताई, पण शीर्षक जरा मोठं हवं.’ तर काल, आज, उद्या शेवटी घेते. आधी गावं.

तुमच्यापैकी किती जण जेजुरीला गेलात? सगळेच. आता हळूच, मनातल्या मनात म्हणा, जेजुरी. यात ज दोन आहेत. पहिला ‘जेवण’मधला, दुसरा ‘जुना’मधला. जीभ दोनदा वेगळ्या जागी लागते. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. चिंचवडचंही तेच, पहिला च चिमणीचा आणि दुसरा चमच्याचा. व्याकरणात यांना तालव्य आणि दंततालव्य म्हणतात, पण जेजुरीच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. देवनागरीत जसं लिहितो तसंच बोलतो, असं आपण छाती काढून सांगतो ना? मग ‘जग’ वाचून दाखवा. दुनिया म्हणायचंय की ‘सुखानं जग’ म्हणायचंय, हे अक्षर सांगत नाही. ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रादेशिक बातम्या वाचणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे गळा नाही आणि चेहरा तर नाहीच नाही. त्याच्या डोक्यात जिल्ह्याचा नकाशा उच्चारांसकट बसलेला असतो, ती त्याची पुंजी. दिल्लीच्या बातम्या कुणीही वाचेल. पंतप्रधानांचं नाव चुकायला वेगळी प्रतिभा लागते. पण वेल्हे, पौड, सासवड, जुन्नर ही नावं अशी वाचायची की तिथल्या माणसाला वाटावं, ही बाई आपल्या गावावरून एसटीनं गेलेली आहे.

इथे सुधा नरवण्यांचं नाव काढलं नाही तर तुम्ही मला चहा देणार नाही. पुण्यात एका पिढीची सकाळ आकाशवाणीवर सुधाताई वाचायच्या त्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांनी व्हायची, आणि त्या आवाजावर लोक घड्याळं लावायचे. त्यांचा मुलगा पुढे लष्करप्रमुख झाला तेव्हा देशाला जनरल नरवणे कळले. पुण्यातल्या बायका म्हणाल्या, ‘अगं, आपल्या सुधाताईंचा मुलगा!’ आईची ओळख पुरलेले लष्करप्रमुख, हे पुण्यातच व्हायचं.

आता कागदाबद्दल. टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यापाशी ओळी दाखवणारा पडदा, यायच्या आधी बातम्यांचे सुटे कागद हातात यायचे. एका कागदावर एकच बातमी, म्हणजे आयत्या वेळी वेळ कमी पडला तर मधलं पान काढून टाकता येतं. टाचणी काढून ठेवायची, पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारून ठेवायच्या, कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे अजिबात घ्यायचा नाही. आणि लघुरूपं! बातमी लिहिणारा घाईत असतो. तो ‘कोंढवा बु.’ लिहितो, ‘रा. वाघोली’ लिहितो, ‘ता. मावळ’ लिहितो. वाचणाऱ्यानं ते मनात सोडवून बुद्रुक, राहणार, तालुका असं वाचायचं. माझ्याबरोबर एक मुलगा होता, आवाज मधासारखा. पहिल्याच दिवशी त्यानं थेट वाचलं, ‘कोंढवा बु इथं पाणीपुरवठा बंद राहील.’ बु! लहान मुलाला घाबरवावं तसं. काचेपलीकडचा माणूस टेबलाखाली गेला. तो मुलगा पुढे फार चांगला निवेदक झाला, पण आम्ही त्याला कायम बुच म्हणायचो.

हसताय, हसा. आता माझी गंमत सांगते, मग हसून दाखवा.

मी तेव्हा एका खासगी वाहिनीत होते. नाव घेत नाही, तिथली माणसं अजून रविवारी मंडईत भेटतात. पावसाळा होता, जुलै. धरणातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, म्हणजे पुण्याच्या दृष्टीनं पावसाळा अधिकृत. (भिडे म्हटलं की मला दोनच आठवतात, पूल आणि वृत्तनिवेदक प्रदीप. प्रदीप भिड्यांकडे येतेच.) रात्रीचं बुलेटिन चालू होतं. कानात इयरपीस, त्यात निर्माता. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मध्येच टीपीवर, म्हणजे टेलिप्रॉम्प्टरवर, नवीन ओळ आली, ‘वडगाव येथे घराची भिंत कोसळून महिला जखमी.’

एवढंच. वडगाव.

सांगा, कोणतं वडगाव? बघा, तुम्हीच चार नावं घेतलीत. वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव धायरी आहे, वडगाव मावळ आहे. जिल्हाभर शोधत बसलात तर आणखी सापडतील. मी एक क्षण थांबले. थेट प्रक्षेपणात एक क्षण म्हणजे केवढा, हे कानात कुणी ओरडत असल्याशिवाय कळत नाही. ‘वाचा मॅडम, वाचा, वाचा!’ आणि मी, वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, सकाळपासून लोणावळ्याच्या पावसाच्या बातम्या वाचत होते म्हणून बिनदिक्कत म्हणाले, ‘मावळ तालुक्यातल्या वडगाव इथं.’ तालुका मी माझ्या मनाचा घातला.

ते सिंहगड रस्त्याजवळचं वडगाव बुद्रुक होतं.

पुढच्या बुलेटिनमध्ये दुरुस्ती केली. निर्माता म्हणाला, ‘कुणाच्या लक्षातही आलं नसेल.’ दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावरच्या रखवालदारानं निरोप पाठवला, कुणीतरी भेटायला आलंय. खाली गेले. सत्तरीचे एक गृहस्थ. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, मिटलेल्या छत्रीच्या टोकातून पाणी गळून फरशीवर एवढंसं तळं झालेलं. त्यांची मुलगी मावळातल्या वडगावला दिलेली. तिच्या घराची एक भिंत मातीची. जावयाचा फोन लागेना. बातमी ऐकून ते रात्रीच्या लोकलनं शिवाजीनगरहून निघाले, वडगावला उतरून अंधारात, पावसात चालत गेले. मुलीनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आत्ता?’

मला वाटलं, आता हे मला बोलणार. मी तयारीत होते, मान खाली घालून. ते म्हणाले, ‘ताई, ते तालुक्याचं जरा विचारून सांगत चला.’ मी आत बोलावलं तर म्हणाले, ‘नको, कपडे ओले आहेत.’ आणि गेले. छत्री उघडलीच नाही, तशीच हातात घेऊन गेले. ते फरशीवरचं पाणी रखवालदारानं पुसलं. माझ्या डोळ्यापुढून अजून पुसलं गेलेलं नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. त्यात एकाच नावाची गावं एकाखाली एक. आंबेगाव तालुका वेगळा आणि कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक वेगळं. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. पुष्कळ ठिकाणी आज खुर्दच बुद्रुकपेक्षा मोठं झालंय, पण धाकट्या भावाला म्हातारपणीही धाकटाच म्हणतात, तसंच ते.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बघा, काचेपलीकडचा माणूस इथंही आहेच.

आकड्यांबद्दल बोलणारच नव्हते, पण एक मिनिट. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आली आणि केवढं रान उठलं होतं. मी रागावले नाही. वाहिन्यांवरची मुलं त्याआधीपासूनच ‘एकोणऐंशी’ दिसलं की इंग्रजीकडे पळत होती. पुस्तक उशिरा आलं, एवढंच.

आता पत्रिकेतला विषय, पळत पळत.

काल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि मग सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या घराघरांत आलं. तेव्हाची नावं आठवा. विश्वास मेहेंदळे, ज्यांना पहिले वृत्तनिवेदक म्हणतात. अनंत भावे, प्राध्यापक आणि मुलांसाठी सुंदर लिहिणारे. भक्ती बर्वे, रंगभूमी गाजवणाऱ्या. आपल्या पुण्याच्या स्मिता पाटील, ज्या जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायच्या असं सांगतात, कारण कॅमेरा टेबलाखाली बघत नाही. या यादीत माझ्या मुद्द्याचं काय आहे? प्रत्येकाला दुसरं काहीतरी होतं, कॉलेज, लेखन, नाटक, सिनेमा. प्रदीप भिड्यांचा आवाज तर वर्षानुवर्षं जाहिरातींत आणि माहितीपटांतही ऐकलात. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा कितीतरी घरांतून ‘आपले भिडे गेले’ असंच म्हटलं गेलं. पण बातम्या वाचणं हे बहुतेकांचं पोट नव्हतं. आमच्यासारख्या नैमित्तिक, म्हणजे कायम नोकरीत नसलेल्या, लोकांना महिन्याला मोजून सहा ड्यूट्या, प्रत्येक ड्यूटीचा वेगळा करारनामा. माझ्याकडे अशा करारनाम्यांनी भरलेली ट्रंक आहे आणि नेमणूकपत्र एकही नाही. घरासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतला माणूस म्हणाला, ‘मॅडम, तुमचा आवाज रोज ऐकतो. पण नोकरी कुठे करता?’

आज. २००७ ला झी २४ तास आणि स्टार माझा आलं, २००८ ला आयबीएन लोकमत, आणि निवेदकाचा अँकर झाला. चांगलं काय झालं, तर पगारपत्रक मिळालं. मुलंमुली पत्रकार म्हणून येऊ लागली, प्रश्न विचारू लागली, नुसती वाचणारी राहिली नाहीत. याचा मला हेवाच वाटतो. वाईट काय झालं, तर चोवीस तास बोलायचं म्हटल्यावर कागद गेला आणि कागदाबरोबर तो पेन्सिलीचा श्वास गेला. आणि बायकांना वय आलं. मी बावन्नची झाले तेव्हा मला फार प्रेमानं सांगण्यात आलं, ‘मॅडम, तुमचा आवाज काय आहे! तुम्ही व्हॉइस ओव्हरच करा ना.’ माझ्याबरोबरचे, माझ्याच वयाचे, पांढऱ्या केसांचे दोन गृहस्थ पुढे कित्येक वर्षं पडद्यावर होते. त्यांच्या पांढऱ्या केसांना अनुभव म्हणायचे.

आणि नावांची पुंजी कुठे गेली? ती गेली तालुक्याच्या वार्ताहराकडे. वडगाव कोणतं हे त्यालाच ठाऊक. त्याला पैसे बातमीमागे मिळतात आणि कॅमेऱ्यापुढे तो क्वचितच येतो. जिथं माहिती आहे तिथं कारकीर्द नाही आणि जिथं कारकीर्द आहे तिथं माहिती नाही, असं एकंदरीत झालंय. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

उद्या. २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीनं लिसा नावाची संगणकी निवेदिका आणली. मे २०२४ मध्ये दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीनं क्रिश आणि भूमी हे तसेच दोघे आणले. ते म्हणे पन्नास भाषा बोलतात, दमत नाहीत, सुट्टी मागत नाहीत. मी रडगाणं गाणार नाही. यंत्र ‘बु.’ला बुद्रुक म्हणायला एका दुपारीत शिकेल, बुच्याला दोन आठवडे लागले होते. पण जेजुरीतला दुसरा ज त्याला शिकवणार कोण? कुणीतरी तो म्हणून, ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असेल तरच ना? बीबीसीनं १९२६ साली उच्चार ठरवायला सल्लागार समिती नेमली होती, पुढे बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष होते. आपल्याकडे ३६ जिल्हे, ४० हजारांहून जास्त गावं, आणि त्यांची नावं तोंडात बसलेले निवृत्त निवेदक घरोघरी भाजी निवडत बसलेत. त्यांना बोलवा, मानधन द्या, नेमणूकपत्रही द्या, आणि एकेका तालुक्याची गावं म्हणून घ्या. कुणी द्यायचं, किती द्यायचं, हे सगळं मी लिहून आणलंय. चार पानं आहेत, आणि आता दुसरी चिठ्ठी आलीय.

ठीक आहे, ती पानं अध्यक्षांकडे देते. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि दाराजवळच्या टेबलावर माझी वही ठेवलीय, हिरव्या पुठ्ठ्याची. जाताना आपापलं मूळ गाव लिहून जा, आजी ते कसं म्हणायची तेही. तालुका विसरू नका, आणि कृपा करून बुद्रुक पूर्ण लिहा.